देवाचं नाव आणि ऑफिसातला अबोला

ताई,
मी फोंड्याची. पणजीला एका अकाउंटंटच्या ऑफिसात काम करते, रोज बसने जाते-येते. गेल्या महिन्यात वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं आणि पोर्टल काही केल्या पुढे सरकेना. ओटीपीही येईना. माझ्या तोंडून मोठ्याने ‘जीझस क्राइस्ट!’ असं निघालं. बाजूच्या टेबलावर आमच्या सीनिअर मॅडम बसतात, त्या ख्रिस्ती. त्या उठून माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘बाये, तें नांव अशें घेवं नाका गो.’ आवाज चढवला नाही, बाकी कोणाला ऐकूही गेलं नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा राग झाला. या बाई स्वतः दिवसभर ‘सायबा भोगोस’ म्हणत असतात! साधं पाणी दिलं तरी ‘देव बरें करूं’. मग मीच काय मोठा गुन्हा केला? आमच्या घरी सासूबाई रोज हरिपाठ म्हणतात. नाम कसंही घेतलं तरी पुण्यच, असं आम्ही ऐकत आलो. नवरा म्हणतो, ‘आता बोलण्यावरही बंदी? सोडून दे.’ नववीतली मुलगी तर वाक्यागणिक ‘ओ माय गॉड’ म्हणते, तिला काय सांगू? मी ‘अरे देवा’ म्हणणंही बंद करायचं का? तेव्हापासून मॅडमशी कामापुरतंच बोलते. दर चतुर्थीला मी त्यांना नेवऱ्या देते, नाताळाला त्या बेबिंक आणि दोदोल देतात. यंदा नेवऱ्या द्याव्यात की नाही, इथपर्यंत माझं मन आलंय.
— एक वाचक, फोंडा

तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरं आधी देते. ‘जीझस क्राइस्ट’ हा उद्गार आजपासून सोडा. ‘अरे देवा’ सोडायची गरज नाही. नेवऱ्या द्याच, पण बोलायला चतुर्थीची वाट बघू नका, उद्याच बोला.

आता कारणं. मी स्वतः ख्रिस्ती आहे, मूळची वसईकडची, लग्न होऊन गोव्यात आले. आमच्या घरी प्रार्थना मराठीत चालते, शेजारी कोकणीत. शाळेतल्या माझ्या मैत्रिणींच्या घरी मात्र दिवेलागणीला हरिपाठ असायचा, आणि मी त्यांच्यासोबत बसून टाळ्या धरलेल्या आहेत. त्यामुळे तुमच्या मॅडमना काय लागलं ते मला कळतं आणि तुम्हाला राग का आला तेही कळतं.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत एक आज्ञा आहे: ‘तुझा देव परमेश्वर ह्याचे नाव व्यर्थ घेऊ नकोस.’ आम्हा कॅथलिकांच्या मोजणीत ती दुसरी, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मोजणीत तिसरी. खून करू नको, चोरी करू नको, व्यभिचार करू नको, या सगळ्या आज्ञा तिच्यानंतर येतात. ख्रिस्ती मूल हे लहानपणीच पाठ करतं, आणि मग ते जन्मभर त्याच्या कानात राहतं. यहुदी लोकांनी तर ही आज्ञा इतकी मनावर घेतली की देवाचं खास नाव उच्चारणंच त्यांनी सोडलं. शास्त्र वाचताना ते नाव समोर आलं की त्या जागी ते ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वाचतात. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नसत, प्रसंग आला की उखाण्यात गुंफून घेत. त्या रिवाजाबद्दल आज तुमचं-माझं मत काहीही असो, नाव राखून ठेवण्यात काय भावना असते हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तीही नावापासूनच सुरू होते. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानिले जावो.’ रोजच्या भाकरीची मागणी त्याच्या नंतर. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. पोटाचं मागण्याआधी नावाचा मान राखायला शिकवलंय.

तुमची बस जुन्या गोव्यावरून जात असेल तर खिडकीतून एकदा बॉम जेजस बासिलिकाकडे बघा. 1605 साली अभिषेक झालेलं ते चर्च, चिऱ्याची लालसर भिंत, गिलावा नसलेली. दर्शनी भागात अगदी वर, कोरीव नक्षीच्या मधोमध तीन अक्षरं आहेत: आय, एच, एस. ग्रीक लिपीत येशूचं नाव लिहिलं की त्यातली पहिली तीन अक्षरं ती. बांधणाऱ्यांनी सगळ्यांत उंच जागी नाव बसवलं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, येशूचं नाव आलं की किंचित मान लववायची आमच्यात रीत आहे. 1274 साली लियोंच्या धर्मसभेने ती सगळ्यांना घालून दिली. आता पुष्कळ जण विसरलेत, तरुण तर सोडाच. पण पणजीच्या कुठल्याही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून बघा, म्हाताऱ्या बायकांच्या माना अजून त्या शब्दाला खाली जातात.

आणि एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय मॅडमचं दुखणं पुरतं कळणार नाही. आमच्यात माणूस जायला टेकलं की घरातलं कोणी तरी त्याच्या कानाशी बसतं आणि तीन नावं म्हणत राहतं. येशू, मरिया, योसेफ. कोकणीत जेजू, मारी, जुजे. माझी मावशी गेली तेव्हा तिच्या उशाशी माझी आई होती. मावशीला बोलता येत नव्हतं, डोळेही मिटलेले. आई तिच्या कानात ती तीन नावं सांगत होती, आणि मावशीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण पहिल्या नावाला ओठ मिटून उघडत होते हे मी स्वतः पाहिलंय. तुमच्या मॅडमनीही कोणाच्या तरी कानात ती नावं सांगितली असतील. त्या वयाच्या गोव्यातल्या ख्रिस्ती बाईने आईवडिलांसाठी हे केलेलं असतंच म्हणा ना. तेच नाव शेजारच्या टेबलावरून, पोर्टल अडकलं म्हणून, वैतागून फेकल्यासारखं कानावर आलं. त्यांना त्या वेळी तुमचा धर्म आठवला नसेल, ते कानाशी बसणं आठवलं असेल.

आता तुमचा आक्षेप, की त्या स्वतः ‘सायबा भोगोस’ म्हणतात. म्हणतातच, आणि म्हणू द्या. ती दयेची याचना आहे: प्रभू, क्षमा कर. काही वाईट कानावर आलं, भांडं हातातून निसटलं, कोणी गेल्याची बातमी आली, की माणूस वर बघून काही तरी मागतो. ‘देव बरें करूं’ तर आशीर्वादच आहे. तुम्ही पाणी दिलंत, तुमचं देवाने भलं करावं. दिवसातून शंभरदा म्हटलं तरी त्यात नाव वाया जात नाही. कितीदा घेतलं हा हिशेब आमच्याकडेही नाही. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे आमच्या माळेवरच्या प्रार्थनेला, बसा एकदा. एका तेर्सात मरियेची प्रार्थना पन्नासहून जास्त वेळा होते आणि दर प्रार्थनेच्या मधोमध येशूचं नाव येतं. तुमच्या सासूबाईंची माळ आणि आमची माळ यांत या बाबतीत काही अंतर नाही.

अंतर पडतं ते नाव घेताना कोणाला हाक मारलेली असते की नाही, इथे. ‘अरे देवा’ म्हणताना तुम्ही देवाला हाक मारता. घाबरून असेल, दमून असेल, रागावूनही असेल. क्रुसावर येशू स्वतः ओरडला होता, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ त्याहून मोठी तक्रार कोणती? ती आम्ही पवित्र मानतो, कारण ती देवालाच केलेली आहे. पण ‘जीझस क्राइस्ट’ हा उद्गार तुम्ही काढलात तेव्हा तुम्ही येशूला बोलावत नव्हता. तुमच्या मनात तो नव्हताच. त्या जागी एखादी शिवी बसली असती तरी चाललं असतं. हेच ते ‘व्यर्थ’. आणि हा उद्गार आपल्या गोव्यातला नव्हेच. इंग्रजी सिनेमांतून, मालिकांतून तो आला, तिथेही सभ्य घरांत तो वाईट बोलण्यातच मोजतात. आमची ख्रिस्ती मुलंही तो सर्रास वापरतात आणि घरी बोलणी खातात. तेव्हा मॅडमनी तुम्हाला हिंदू म्हणून वेगळं काढलं असं मुळीच मनात आणू नका. माझी खात्री आहे, त्यांच्या स्वतःच्या पुतण्याला त्यांनी याहून कडक शब्दांत सुनावलं असतं.

सासूबाईंच्या शिकवणीबद्दल मला आदर आहे. अजामिळाने मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि तेवढ्याने तो तरला, ही गोष्ट मला लहानपणी मैत्रिणीच्या आजीने सांगितली आणि ती मला आवडली होती. देव इतका उदार असावा, असं कोणाला नको आहे? पण त्या गोष्टीतही अजामिळ हाक मारतोय, जीव तोडून. आणि नामाच्या त्याच परंपरेत दहा नामापराधही सांगितलेत. नामाच्या बळावर पाप करणं हा त्यातलाच एक. म्हणजे नाव कसंही वापरलं तरी चालतं, असं तुमचीही परंपरा म्हणत नाही. सासूबाईंनाच विचारा, चहा सांडल्यावर कपाळाला आठ्या घालून ‘शांतादुर्गा!’ असं शिवीसारखं कोणी म्हटलं तर त्यांना चालेल का. कवळ्याला जाऊन ओटी भरणाऱ्या बाईला ते सहन होणार नाही.

आता अशा गोष्टीकडे येते जी तुम्ही विचारलेली नाही, पण मला विचाराल तर ती उद्गारापेक्षा कितीतरी जड आहे. खोटी शपथ. ‘देवाशपथ, मी फाइल पाठवली होती.’ ‘देवाची आण, मला माहीत नव्हतं.’ आपण सगळेच हे ऐकतो. त्या आज्ञेचा मूळ रोख, जाणकार सांगतात, याच गोष्टीवर आहे: आपलं खोटं खपवायला देवाला साक्षीला उभं करू नको. येशू तर आणखी पुढे गेला. शपथच वाहू नका म्हणाला, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. उद्गारात नाव वाया जातं, खोट्या शपथेत ते विकलं जातं.

गोव्यात आपण हे उघड्यावर पाहिलंय. 2022 च्या जानेवारीत, विधानसभा निवडणुकीच्या आधी, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. निवडून आले अकरा. सप्टेंबरात त्यांतले आठ आमदार भाजपमध्ये गेले. कोणत्या पक्षाचं बरं-वाईट झालं हे सांगायला मी इथे बसलेली नाही. पण तीन धर्मांच्या तीन जागी देवाला साक्षीला बोलावलं आणि आठ महिन्यांत त्या साक्षीचं काय झालं, हे वाचून माझा जीव खरोखर कळवळला होता. त्या बातमीवर लोक हसले, चहाच्या टपरीवर विनोद झाले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. पोर्टलवर वैतागून तुमच्या तोंडून निघालेलं नाव त्यापुढे काहीच नाही. म्हणून स्वतःला फार कोसू नका. घरात मात्र ‘देवाशपथ’ या शब्दावर लक्ष ठेवा. मुलीने तो कधी वापरला तर ‘ओ माय गॉड’पेक्षा त्या वेळी तिला जास्त गंभीरपणे जवळ बसवा.

तुमच्या यजमानांना वाटतं, ही बोलण्यावर बंदी आहे. त्यांचा राग मी उडवून लावणार नाही. या भूमीत देवाच्या नावाचा मान भीती घालून राखून घेतला गेलाय. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि देवाची निंदा हाही त्याच्यापुढे गुन्हा होता. हिंदूंच्या उघड पूजाअर्चेवर बंधनं आली. तुमच्या फोंडा तालुक्यात मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आली, ती काही हौसेने नाही. ख्रिस्ती म्हणून मला या इतिहासाची लाज वाटते, आणि म्हणूनच मला वाटतं की आदर मागायचा तर तो विनंती करूनच मागावा, आणि समोरच्याने नाही म्हटलं तर गप्प बसावं. पण तुमच्या मॅडमनी नेमकं तेच केलं. त्यांनी साहेबांकडे तक्रार केली नाही. चारचौघांत बोलल्या नाहीत. उठून जवळ आल्या, ‘बाये’ म्हणाल्या, ‘गो’ म्हणाल्या. गोव्याच्या कोकणीत परक्या माणसाला कोणी असं ‘गो’ लावत नाही. बंदी घालणारा असा बोलत नाही. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, फेस्ताला (सणाला) तेल घेऊन येणाऱ्या हिंदू बायकांना तिथे कोणी सक्ती करत नाही, आणि तिच्यापुढे मोठ्याने बोलू नका असंही कोणी सांगत नाही. त्या आपणहून हळू बोलतात. तसलाच हा मामला आहे, हे यजमानांना सांगून बघा.

मुलीचं. नववीतल्या मुलीला ‘असं म्हणू नकोस’ म्हटलं की ती दुप्पट म्हणणार, तेव्हा दटावू नका. तिला ही मॅडमची गोष्ट जशी घडली तशी सांगा, तुमचा रागही सांगा, आणि मावशीची गोष्ट हवी तर माझ्या नावावर सांगा. पुढचं तिचं ती ठरवेल. ‘ओ माय गॉड’मध्ये कोणाचं खास नाव नाही, म्हणून मी ते ‘जीझस’च्या पंगतीला बसवणार नाही. पण कानाला ते रिकामं लागतं, आणि तिच्या शाळेत सिस्टर किंवा टीचर ख्रिस्ती असतील तर त्यांना ते आवडत नसणार. इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव टाळायला फार पूर्वीच ‘ओ माय गॉश’ काढलंय, तिला इंग्रजीच हवं असेल तर ते आहे. नाही तर आपल्या गोव्यात ‘आवय गे!’ आहेच. आश्चर्य, भीती, आनंद, सगळ्याला पुरतं, आणि आई कधी त्याचा राग मानत नाही. ऑफिसात पोर्टल अडकेल तेव्हा तुम्हीही तेच म्हणा. सवय लगेच जाणार नाही. जीभ घसरली आणि मॅडमनी ऐकलं, तर मान वर करून त्यांच्याकडे बघा आणि ‘सॉरी’ म्हणा, तेवढं त्यांना पुरेल.

आता उद्याचं. सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आधी, चहाच्या वेळी नको, तेव्हा सगळे असतात. त्यांच्या टेबलापाशी उभं राहून एवढंच म्हणा, ‘मॅडम, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ते मला लागलं होतं, पण तुमचं बरोबर होतं. परत तसं म्हणणार नाही.’ इथे थांबा. ‘पण तुम्हीपण सायबा भोगोस म्हणता ना’ हे त्या वाक्याला जोडू नका. ते तुम्हाला खरंच कळून घ्यायचं असेल तर पुढे कधी, डबा उघडताना, मोकळ्या मनाने विचारा. त्यांना सांगायला आवडेल, ख्रिस्ती बायकांना हे कोणी विचारत नाही म्हणून आम्ही बोलत नाही. आणि त्यांनी हरिपाठाबद्दल विचारलं तर सासूबाईंना एखाद्या रविवारी फोनवर द्या. त्यांच्याइतकं नीट तुम्हाला सांगता येणार नाही, मला तर नाहीच नाही.

नेवऱ्या नेहमीसारख्या द्या. या वर्षी मुद्दाम जास्त दिल्यात तर मॅडमना कळेल आणि त्या अवघडतील.